आकाशातून सुया पडल्या तो दिवस

रविवार, १९ जानेवारी
सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

चिरंजीव धाकटीस,

ताईचे पोटभर आशीर्वाद. आम्ही सगळे इकडे मजेत, तुम्ही सगळे तिकडे मजेत असाल असं धरून चालते. लेक बरी आहे. जावई बरे आहेत, पोट सुटलंय पण कोट आटलाय म्हणतात. नात बरी आहे. थंडी मात्र अशी की काल दाराबाहेर वाळत घातलेला पोछा ताठ उभाच राहिला. जावयांनी तो बंदुकीसारखा खांद्यावर घेऊन मला सलाम ठोकला. हा माणूस बँकेत साहेब आहे, सांगून कुणाला खरं वाटणार नाही.

अक्षर मोठं काढलंय आणि कागद सढळ हाताने वापरतेय, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. किंवा नसेलही आलं. त्याच्याकडे मी वळणारच आहे, पण आधी मला बर्फाचं सांगू दे, कारण ते सांगितल्याशिवाय दुसरं काही सांगता येणार नाही, आणि दुसरं सांगायला मला जरा धीर गोळा करायचाय.

नात हवामानाच्या कचेरीत कामाला लागली तेव्हा आपण दोघी म्हणालो होतो की बसून सांगत असेल उद्या ऊन की पाऊस. तसं नाही गं. तिचं काम बर्फाचे कण बघायचं. आकाशातून पडतो तो एकेक कण धरायचा, भिंगाखाली बघायचा, फोटो काढायचा, कुठल्या जातीचा ते ठरवायचं. आणि याचा पगार देतात. आपण आयुष्यभर रफू करत लोकांच्या कोटांची भोकं बघितली, त्याचे पैसे मागताना आपल्यालाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मी तिला पहिल्याच दिवशी म्हटलं, त्यात बघायचंय काय, पाऊस गोठला की बर्फ झाला. तिने मला खुर्चीत बसवलं आणि शिकवायला घेतलं. माझी शाळा बुडाली ती इतक्या वर्षांनी स्वयंपाकघरात भरली. ती म्हणाली, पाऊस गोठला तर त्याची नुसती टणक गोळी होते, तिला ना रूप ना रेखा. हे जे भुरभुर पडतं ते वेगळं. वर ढगात धुळीचा एखादा कण भटकत असतो, आपण पुढच्या खोलीतून रोज झाडतो तसलाच. त्याच्याभोवती इवलासा थेंब गोठतो. तिथवर माझं बरोबर होतं. पण पुढे तो वाढतो तो वाफेवर. भोवतालची वाफ येऊन त्याच्यावर बसते आणि पाणी न होता सरळ बर्फ होते. मधली पायरीच गाळते. तू गेल्या महिन्यात जिन्यावर गाळलीस तशी. (हो, मला कळलंय. चपलेचा दोष होता असं तू म्हणालीस म्हणे. चपलेची बाजूही कधीतरी ऐकून घेऊ.)

आणि तो वाढतो कसा, तर सहा कोपऱ्यांनी. पाच नाही, आठ नाही. मी विचारलं, सहाच का, कुणी ठरवलं? तर पाण्याचे जे बारीकात बारीक कण असतात, जे कुणालाच नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत, ते गोठताना एकमेकांचे हात धरतात ते सहा-सहाचं कडं करूनच. मग त्या सहा कोपऱ्यांचं असं, की ते बाहेर आलेले असतात, म्हणून वाफ पहिल्यांदा त्यांनाच मिळते. दाराशी बसलेल्याला चहाचा कप आधी मिळतो ना, तसं. कोपरे भराभर वाढतात, त्यांचे हात होतात, हातांना फांद्या फुटतात, आणि चांदणी तयार होते. साही हात बहुतेक सारखे, कारण सगळे एकाच थंडीतून एकत्र खाली येतात. पण शेजारून येणारी दुसरी चांदणी निराळ्या वाटेने येते, तिला कुठे जास्त ओल लागते, कुठे कमी, म्हणून तिचं रूप निराळं. मी म्हटलं, म्हणजे आम्हा बहिणींसारखं. एकाच ढगातल्या, पण ही गोल आणि मी लांबुडकी. नात म्हणाली अगदी तस्सं. गोल तू आहेस, हे सांगायला नको.

आता यातलं मुख्य ऐक, कारण पुढे माझी फजिती यावरच झाली. सगळ्याच दिवशी चांदण्या पडत नाहीत. वर ढगात किती गार आहे त्यावर आकार ठरतो. जेमतेम गोठण्याइतकी थंडी असेल तर पातळ चकत्या पडतात. जरा वाढली की चकती व्हायचं सोडून तो कण नुसता लांबच लांब होतो, त्याच्या सुया होतात. आणखी वाढली की आखूड खांब. त्याहून कडाक्याची पडली की मग त्या फांद्यांच्या चांदण्या, आणि तेही हवेत भरपूर ओल असेल तरच. म्हणून नात खिडकीतून आकाश बघते, भिंतीवरचं यंत्र बघते आणि चहा पिता पिता सांगते, आज काय पडेल. बहुतेक वेळा बरोबर निघतं. चुकलं तर ती त्या दिवशी कुणाशी बोलत नाही.

तिची बघायची रीत अशी. गॅलरीत एक फळी आहे, तिच्यावर जावयांच्या जुन्या कोटाचं काळं लोकरी कापड ताणून बसवलंय. फळी रात्रभर बाहेरच ठेवायची, म्हणजे कापड बाहेरच्याइतकंच गार राहतं. सकाळी तिच्यावर दोन-चार कण झेलायचे, वर भिंग धरायचं, श्वास रोखायचा आणि बघायचं. श्वास सोडलास की गेलं.

मला हे नीट सांगितलं नव्हतं, असं माझं म्हणणं. सांगितलं होतं, असं सगळ्यांचं म्हणणं. मी आल्यावर चार दिवसांनी बर्फ पडायला लागला, नात आंघोळीला गेली होती, आणि मी बघितलं की फळीवरचं कापड चुरगळलंय. आता तूच सांग, आपल्या घरात कुणी चुरगळलेल्या कापडावर कामाला बसलंय कधी? आईने हातावर पट्टी मारली असती. मी फळी आत आणली, कापड काढलं, छान कडक इस्त्री केली, परत ताणून बसवलं आणि फळी बाहेर नेऊन ठेवली. नात आली, भिंग लावलं. नुसते पाण्याचे थेंब. ती म्हणाली, हे कसं काय? मी म्हटलं, इस्त्री केलीय, बघ कशी सुरकुती नाही. जावई हसून हसून जमिनीवर बसले. अजून घरात काही वितळलं की, लोणी असो की मेणबत्ती, विचारतात, आईंनी इस्त्री केली का?

तेही परवडलं. पुढचं ऐक.

त्यानंतर एक दिवस चांदण्यांचा आला. सगळे गॅलरीत. लेक बघते आणि अगंबाई म्हणते, जावई बघतात आणि क्या बात म्हणतात, मग माझी पाळी. मी भिंगावर वाकले. धाकटे, मला कापसाचा बोळा दिसला. पिवळट, पुसट, उशीतून निघतो तसा. मी म्हटलं, वा, काय नाजूक. सगळे खूष. मीही खूष, की निभावलं.

निभावलं ते पाच-सहा दिवस. मग एका सकाळी थंडी जरा कमी होती, बर्फ मात्र पडत होता. नात एकटीच गॅलरीत होती, तिने मला हाक मारली. मी शाल गुंडाळून गेले, वाकले, पुन्हा तोच कापूस. आता मला वाटलं नुसतं वा म्हणून भागणार नाही, थोडं सजवून सांगावं. मी म्हटलं, काय सुरेख चांदणी गं, साही पाकळ्या कशा एकसारख्या, आणि मधोमध नक्षी केवढी बारीक.

तिने माझ्याकडे बघितलं. भिंग काढून ठेवलं. मग माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाली, "आजी, आज चांदण्या नाहीतच. आज सुया पडतायत."

सुया. आपल्या सुया, धाकटे. जन्म गेला माझा सुईत. अंधारात चाचपून सांगेन सात नंबरची की नऊ. आणि कापडावर सुयांचा ढीग पडला होता, ती मुलगी नंतर म्हणाली, वाळक्या गवतासारखा. आणि मी तिथे पाकळ्या मोजत उभी.

मी हसायला गेले, ते हसू नीट आलं नाही. तिने मला आत नेलं, सॉक्स बदलायला लावले, आणि हळूच विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, काय कधीपासून? तर म्हणाली, आजी, मी दिवसभर आकार बघते, तू मला फसवू नकोस. मग काय करणार, सांगितलं. की दोन वर्षं तरी झाली. की सुईत दोरा मी बोटांनी ओवते. की धाग्याचा रंग मी उन्हात नेऊन बघते आणि तरी अंदाजच असतो.

आता इथे मी थांबून एक कप चहा पिते, आणि मग तुझ्याकडे वळते.

पिऊन आले.

तर सूनबाई. तुझ्याशीच बोलतेय मी आता, धाकटीच्या सूनबाईशी. हे पत्र तू वाचते आहेस. तुझ्या सासूबाई समोर खुर्चीत बसल्यात, चष्मा डोक्यावर सरकवलाय, आणि म्हणतायत, मीच वाचलं असतं पण हात पिठाचे आहेत. हात पिठाचे नाहीत, मला माहीत आहे. त्या आता म्हणतील, पुरे झालं, उरलेलं मी मागाहून वाचते, पत्र दे इकडे. देऊ नकोस. तू गुणाची आहेस, इतके महिने त्यांची लाज राखलीस, मी काही तुला बोल लावत नाही. आज मात्र माझ्या बाजूने हो. खुर्ची दाराला लावून बस आणि शेवटपर्यंत मोठ्याने वाच.

आता धाकटे, तू. तुला विचारायचं असेल, ताईला कसं कळलं. मागचं पत्र तुला मिळालं तेव्हा तू फोनवर काय म्हणालीस आठव. म्हणालीस, ताई, एवढं वय झालं तरी तुझं अक्षर अजून तसंच वळणदार, वाचताना आई आठवली. अगं बये, ते पत्र मी लिहिलंच नव्हतं. मी बोलले, नातीने टाइप केलं आणि यंत्रातून छापून काढलं. त्यात वळण कसलं आणि आई कसली. तूही सुयांच्या दिवशी चांदणीचं कौतुक केलंस.

रागावले नाही हो मी. हसले. मला वाटलं होतं आपल्या दोघींत मीच एकटी थापाडी. तूही तितकीच निघालीस, बरं वाटलं.

मग मला निघायच्या दिवशीचा आपला खेळ आठवला. सूनबाई, तुला हा खेळ माहीत नाही. आम्ही रफू शिकत होतो तेव्हापासूनचा आहे. एकीने कापडाला भोक पाडायचं, त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे, भोक भरायचं आणि दुसरीच्या हातात द्यायचं. तिने रफूची जागा शोधायची. बोटं फिरवायची नाहीत, फक्त बघायचं. नाही सापडली तर जिने भरलं ती जिंकली. तर निघायच्या दिवशी मी तुझ्यापुढे ते करडं कापड ठेवलं. तू उजेडात धरलंस, मान तिरकी केलीस, भुवई चढवलीस आणि एका जागी बोट ठेवून म्हणालीस, ही बघ. आणि मी म्हटलं, बरोबर, हरले.

धाकटे, तू बोट ठेवलंस तिथे रफू होतं की नव्हतं, मला आजतागायत माहीत नाही. मला दिसतच नव्हतं. तुला दिसत नव्हतं म्हणून तू कुठेही बोट ठेवलंस, मला दिसत नव्हतं म्हणून मी बरोबर म्हटलं. दोघी केवढ्या खूष होऊन चहाला उठलो. देव वरून बघत असेल तर त्याने कपाळावर हात मारून घेतला असेल.

आता ज्यासाठी एवढा बर्फ पाडला ते सांगते. मी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलंय. उजव्या. मोतीबिंदूचं. मागचं पत्र छापलेलं होतं ते म्हणूनच, तेव्हा डोळ्यावर पट्टी होती. फोनवर सांगितलं असतं तर गॅसवर काहीतरी करपतंय म्हणून तू फोन ठेवला असतास, दर वेळी ठेवतेस. पत्र मध्येच ठेवता येत नाही. म्हणजे येतं, पण सूनबाई दाराशी बसलीय.

मावशीचं तुझ्या डोक्यात आहे, मला ठाऊक आहे. आपण लहान होतो, तिच्या डोळ्याला डॉक्टरचं हत्यार लागलं आणि त्यानंतर ती भिंत धरून चालायची, तिचा हात धरून अंगणात न्यायची पाळी तुझी असायची. माझ्या डोक्यात काय दुसरं होतं? त्या सकाळी दवाखान्यात मी लेकीला सांगितलं की मला मळमळतंय, घरी जाऊ. खोटं नव्हतं, खरंच मळमळत होतं. पण नात म्हणाली, आजी, तू इथे ये, आणि तिने माझा हात धरला तो टेबलाशी नेईपर्यंत सोडला नाही. डोळ्यांची डॉक्टरीण एवढीशी पोर, आपल्या सूनबाईच्या वयाची. डोळ्यात थेंब घातले, सगळं बधिर झालं. मग नुसता गुलाबी उजेड, पाण्यातून दिवा बघावा तसा, आणि ती बाई नर्सशी आपल्या मुलाच्या शाळेच्या बुटांबद्दल बोलतेय की दर तीन महिन्यांनी आखूड होतात. मी मनात म्हटलं, ज्या अर्थी हिला बुटांची काळजी आहे त्या अर्थी माझी फारशी नसावी. चहा उकळून उतू जाईल एवढ्यात संपलं. दुखलं नाही. दुखलं असतं तर सांगितलं असतं, मला कण्हायला आवडतं हे तू जाणतेस.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. धाकटे, पहिल्यांदा मला काय कळलं सांगू? की बर्फ पांढरा असतो. हसू नकोस. मला वाटायचं तो जुन्या चादरीसारखा पिवळसर असतो, इकडचा बर्फच तसला. आता मी उजवा डोळा मिटते आणि डाव्याने बघते, तर सगळं कपात उरलेल्या चहातून बघितल्यासारखं. डावा मिटते आणि उजव्याने बघते, तर नुकती धुतलेली दुनिया. दिवसातून किती वेळा करते त्याला गणती नाही. जावयांना वाटलं मी त्यांना डोळा मारतेय.

सगळंच काही गोड दिसलं नाही म्हणा. आरशात बघितलं तर आईच उभी, आणि तीही रागावलेली. लेकीच्या केसांत पांढरं आलंय, कानामागे बरंच, मला माहीतच नव्हतं. आले तेव्हापासून रोज तिला तेल लावत होते आणि दिसलं नव्हतं. त्या दिवशी मी तिला अंमळ जास्त वेळ तेल लावत बसले. ती म्हणाली, आई, पुरे, केस गळतील. मी म्हटलं, गळू देत, बघू तरी दे.

आणि मग बर्फ पडला. डॉक्टरणीने वाकायला आणि ओझं उचलायला मनाई केली होती ती उठली, त्यानंतरचा पहिलाच. सकाळी नातीने हाक मारली. सगळे आले, जावई तर पायजम्यावर, एका पायात सॉक्स. कुणी काही बोलेना. कोणता आकार पडतोय ते मला आधी सांगायचं नाही असं त्यांचं ठरलं होतं, माझ्या लक्षात आलं. परीक्षाच की. मी नाकावर रुमाल धरला, श्वास रोखला, भिंगावर उजवा डोळा लावला.

कापडाचे धागे दिसले. आधी तेच. उभा, आडवा, उभा, आडवा, एकेक धागा सुटा, त्याचा पीळ दिसत होता. मला वाटलं आता आणखी काही नाही दिसलं तरी चालेल. आणि मग त्या धाग्यांवर, मधोमध, एक रीळ.

खरंच सांगते. दोऱ्याचं रीळ. मधे आखूड दांडी आणि दोन्ही टोकांना दोन चकत्या, काचेच्या. आपल्या डब्यात पडलेली असतात तसलं, पण मोहरीच्या दाण्यात चार मावतील एवढं. मी श्वास सोडला आणि ते गेलं. मी म्हटलं, "चांदणी नाही. सुई नाही. मी आपलं दिसलं ते सांगते, मग हसा. रीळ आहे."

कुणी हसलं नाही. नातीने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "रीळच आहे, आजी." आणि मग ती अशी रडायला लागली की जावयांना वाटलं उत्तर चुकलं.

ते रीळ कसं होतं तेही तिने नंतर सांगितलं. तो कण आधी जिथे खांब होतात तेवढ्या थंडीत असतो, तेव्हा त्याची दांडी बनते. मग वारा त्याला उचलून दुसऱ्या थंडीत नेतो, जिथे चकत्या बनतात. दांडी काही पुसली जात नाही, ती तशीच राहते आणि तिच्या दोन टोकांना दोन चकत्या फुटतात. म्हणजे तो कुठून कुठून आला ते सगळं त्याच्या अंगावर दिसतं. नीट बघणारा हवा. मी त्या दिवसापासून चाळीस तरी कण बघितले असतील. चकत्या बघितल्या, तीन कोपऱ्यांचे बघितले, एकमेकांत अडकून बारा हात झालेले बघितले. चांदणी बघितली तेव्हा तर मी नातीला म्हटलं, थांब, मला पहिल्या दिवसाचं वा परत म्हणू दे, ते उधार होतं.

तर धाकटे, आता माझा डावा डोळा. डॉक्टरीण म्हणाली पुढच्या आठवड्यात तोही करून टाकू. मी नको म्हटलं. घरात सगळे माझ्यावर चिडले, की एवढं झाल्यावर आता घाबरते. घाबरले नाही. तो मी राखून ठेवलाय.

मी थंडी उतरली की परत येते. आणि तिकडे आल्यावर माझा डावा आणि तुझा जो कुठला तू म्हणशील तो, दोन्ही एकाच दिवशी. एका रिक्षातून जाऊ. बाकावर शेजारी शेजारी बसू, दोघींना मळमळेल, दोघी एकमेकींना सांगू की घरी जाऊ, आणि सूनबाई कुणालाच जाऊ देणार नाही. पहिली मी आत जाईन. बाहेर येऊन तुला सांगेन डॉक्टरीण कशाबद्दल बोलत होती. मग तू. तू नाही म्हणालीस तर माझाही डावा तसाच राहील, मी अर्धी पिवळी दुनिया बघत मरेन आणि ते पाप तुझ्या माथी. हट्टाला मी तुझ्याहून मोठी आहे, दोन वर्षांनी.

पुढच्या खोलीतली रफूची पाटी उतरवायचं तू ठरवलंयस म्हणे, हात थकले म्हणून. हात थकलेले नाहीत तुझे. पाटी राहू दे. मी आल्यावर पुसू.

पत्रासोबत वीतभर काळं कापड पाठवतेय. हे त्या फळीवरचं. त्याला गॅलरीतल्या खिळ्याने भोक पडलं होतं, चांगलं मुगाच्या दाण्याएवढं. नातीला फळीसाठी कोटाच्या पाठीतून नवीन तुकडा कापून दिला आणि हे मी भरलं. कोटाच्याच शिवणीतले धागे, सुई नऊ नंबरची, दोरा डोळ्याने ओवला, पहिल्या खेपेला. दोन दुपारी लागल्या. घरात तिघांनी उन्हात धरून बघितलं, एकालाही जागा सापडली नाही, पण त्यांचं काय, ते रफूतले नाहीत.

सूनबाई, हे कापड त्यांच्या हातात दे, आणि जागा तुला दिसली तरी सांगायची नाही. आणि धाकटे, बोटं फिरवायची नाहीत. उगाच कुठेही बोट ठेवून ही बघ म्हणायचं नाही, या वेळी मला दिसतंय. कापड घडी करून डब्यात ठेव, रिळांच्या बाजूला. तुझा डोळा झाला की उघड, उजेडात धर, आणि शोध.

तोवर मीच जिंकलेली,
एक डोळा उघडून बसलेली आणि दुसरा तुझ्यासाठी राखून ठेवलेली,

तुझी ताई